जुनी स्विस रायफल घरी आणताय? मग या चुका टाळा

खंडेनवमी होती. झुरिकजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी माझी के 31, म्हणजे स्विस सैन्याची जुनी रायफल, पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूची चार टपोरी फुलं ठेवली. दसऱ्याची गडबड, पाहुणे, आपट्याच्या पानांऐवजी इथली कुठलीशी पानं, या सगळ्यात फुलं तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी उचलली तर खालच्या काळ्या पोलादावर पाकळीच्या आकाराचे तांबूस डाग. 1943 साली बर्नमध्ये तयार झालेली रायफल, 75 वर्षं तिला काही झालं नव्हतं. माझ्या भक्तीने दोन दिवसांत गंज चढवला. हलकं तेल आणि सगळ्यात बारीक स्टील वूल घेऊन, अजिबात जोर न लावता तो काढला. उजेडात तिरकं धरलं की एक डाग अजून दिसतो.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, की या रायफलींचं सगळ्यात जास्त नुकसान सैन्यात होत नाही, नव्या मालकाच्या घरी पहिल्या आठवड्यात होतं.

घेताना होणारी गफलत

नवखा माणूस पहिल्यांदा लाकूड बघतो. जुनकाट दिसलं की नाक मुरडतो आणि चकचकीत दिसलं की पैसे काढतो. खरं तर उलटं हवं. के 31 ही 1933 ते 1958 या काळात बर्नच्या सरकारी शस्त्र कारखान्यात पाच लाखांहून जास्त संख्येने बनली. सुरुवातीचे दस्ते अक्रोडाचे, नंतरचे बीचचे. बीचच्या दस्त्यांचा खालचा भाग बहुतेकदा डागाळलेला, ठेचकाळलेला असतो. बर्फ, चिखल आणि खिळ्यांचे बूट यांचा तो हिशेब आहे. असा दस्ता गुळगुळीत दिसत असेल तर कुणीतरी पॉलिश पेपर फिरवलाय आणि त्याबरोबर लाकडावरचे कारखान्याचे शिक्केही गेलेत. मी तरी असा तुकडा संग्रहासाठी घेत नाही.

लाकडाआधी नंबर बघा. मुख्य सांगाड्यावरचा, बोल्टवरचा (नळी मागून बंद करणारा, हाताने मागेपुढे ओढायचा दांडा) आणि मॅगझिनवरचा (गोळ्यांचा डबा) नंबर जुळला पाहिजे. मॅगझिनचा जुळला नाही तर किंमत उतरते, एवढंच. बोल्टचा जुळला नाही तर प्रश्न जिवाचा आहे. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट या चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेला, नीट बसतो का, हे जाणकार बंदूक कारागिराने गेज लावून तपासेपर्यंत तिच्यातून गोळी झाडायची नाही.

नंबराजवळ ‘P’ हे अक्षर आणि बहुधा सालाचे आकडे ठोकलेले दिसले तर दचकू नका. ल्युसर्नच्या शस्त्रबाजारात एका गृहस्थांनी माझ्यासमोर एक चांगली रायफल त्या ‘P’पायी नाकारली. त्यांना तो नापास झाल्याचा शिक्का वाटला! तो ‘प्रिव्हाट’चा, म्हणजे खासगीचा, पी. सेवा संपल्यावर स्विस सैनिकाला आपली रायफल स्वतःकडे ठेवता येते, आणि ती सरकारी मालकीतून सुटल्याची ही खूण. अमेरिकेत घेणाऱ्यांना मात्र आणखी एक कोरीव मजकूर सापडतो, आयातदाराचं नाव आणि गाव. तो तिथल्या कायद्यामुळे येतो. तो जितका लहान आणि कोपऱ्यात, तितकं बरं.

गंज जिथे दिसत नाही तिथे असतो. विक्रेत्याला विचारून नळीवरचं वरचं लाकूड काढून बघा. लाकडाच्या रेषेखाली पोलाद खडबडीत झालेलं असेल तर वरची काळी चकाकी फसवी आहे. ‘उघडायचं नाही’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला नमस्कार करून पुढच्या टेबलाकडे वळावं.

सगळ्या ‘स्विस साडेसात’ सारख्या नसतात

काडतूस निवडताना होणारी ही चूक सगळ्यात महाग पडते. रुडॉल्फ श्मिटची रायफल आणि एडुआर्ड रुबिनचं काडतूस यांची जोडी 1889 मध्ये सैन्यात आली. तिचं काडतूस जीपी 90. त्यानंतर 1911 मध्ये आलं जीपी 11. लांबी वेगळी, गोळी वेगळी आणि दाब बराच जास्त. दोघांच्याही नावात साडेसात मिलिमीटर आहे आणि घोटाळा तिथेच होतो. 1889 च्या रायफलीत बोल्टला कुलूप घालणारे कान बोल्टच्या मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे झटका बसतो तेव्हा लांबलचक बोल्ट दबतो. 1896 च्या सुधारणेत ते कान पुढे आणले. म्हणून 1889 मध्ये जीपी 11 घालायचं नाही, ‘एकदाच, गंमत म्हणून’ही नाही. 96/11, के 11 आणि के 31 या नंतरच्या रायफली जीपी 11 च्या आहेत. फ्रेंच सैन्याचं साडेसातही या सगळ्यांपेक्षा वेगळं.

त्याआधीची, 1869 ची वेटर्ली दिसायला राजबिंडी. तिची काडतुसं कडेवर आघात होऊन पेटणारी, आणि ती आता कारखान्यात बनत नाहीत. कुणीतरी तिचा बोल्ट बदलून मधोमध आघात होईल असा केला असेल तर ती चालवता येते, पण संग्रहातलं तिचं मोल कमी होतं. भिंतीवर शोभेल म्हणून घ्या, चालवण्यासाठी नको.

‘बिघडलीय वाटतं!’

मला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे या तीन गोष्टींचे असतात. (आधी मॅगझिन काढून, चेंबर बोट घालून तपासा. दर वेळी. मला सांगू नका की रिकामी आहे.)

बोल्ट मागे येतच नाही, अगदी दगड. बहुतेक वेळा सेफ्टी लागलेली असते. बोल्टच्या शेवटाला जी मोठी कडी आहे ती मागे ओढून फिरवली की रायफल सुरक्षित होते आणि बोल्टही अडकतो. पुन्हा मागे ओढून सरळ करा. एका ओळखीच्याने इथे रबरी हातोडा वापरला होता, पुढचं सांगत नाही.

बोल्ट पुढे जात नाही. मॅगझिन रिकामं असलं की त्यातली गोळ्या वर ढकलणारी पट्टी बोल्टच्या आड येते. गोळ्या संपल्याचं सैनिकाला कळावं म्हणून ती सोय आहे. पट्टी बोटाने खाली दाबा किंवा मॅगझिन काढा. आणि साफसफाईसाठी काढलेला बोल्ट परत बसत नसेल, तर हातात असताना त्याचा पुढचा भाग फिरून बंद स्थितीत गेलाय. फिरवून मूळ जागी आणला की घसरत जातो.

चाप ढिला आहे, आधी थोडा नुसताच सरकतो. सरकू दे! चाप दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यानंतर बोटाला जी भिंत लागते तिला इथले नेमबाज ‘द्रुकपुंक्ट’ म्हणतात आणि तिच्यावर जीव टाकतात. तो ‘दुरुस्त’ करायला निघालात तर चांगला चाप बिघडवून बसाल.

याशिवाय बोल्ट नुसता जड चालत असेल तर दोष जुन्या ग्रीसचा. स्विस सैन्यात तेलापेक्षा ग्रीसवर भर असायचा, आणि तेच दशकानुदशकं सुकून मेणासारखं घट्ट होतं. रॉकेल, मऊ ब्रश, धीर. पुसून कोरडं करा आणि पुन्हा अगदी पातळ थर द्या. बोटाला जेमतेम लागेल एवढाच.

जपताना

स्क्रू सोडवायला घरातला पाचरीसारखा निमुळता स्क्रूड्रायव्हर घेऊ नका. खाचेत तो वरच्या कडांवरच बसतो, निसटतो आणि खाच फाटते. फाटलेली खाच बघून कुठलाही जाणकार लांबूनच ओळखतो की इथे हौशी हात पडलेत. बंदुकीसाठी समांतर पात्याचे मिळतात, तेच घ्या.

नळीला नव्याने काळा रंग चढवणं, दस्त्याला व्हार्निश मारणं, इस्त्रीच्या वाफेने खड्डे उचलणं, तिन्ही नको. लाकूड फारच कोरडं पडलं असेल तर अळशीच्या तेलाचे दोन थेंब, तळहाताने चोळून. तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर पसरून वाळवा.

फोम लावलेली पेटी ही मारुतीच्या देवळातल्या प्रसादासारखी सगळ्यांना आवडते, पण ती फक्त नेण्याआणण्यासाठी. फोम ओलावा धरून ठेवतो. तेच चामड्याच्या पट्ट्याचं. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पितळी कड्यांवर हिरवा कळंक चढवतात आणि पोलादाला गंज. पट्टा काढून वेगळा ठेवा. कपाटात आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. फार कोरडं केलंत तर दस्ता चिरतो, म्हणून सिलिका जेलची पाकिटं कोंबण्याआधी एक साधा आर्द्रतामापक घ्या.

आता एका चिठ्ठीबद्दल. के 31 च्या दस्त्याच्या मागची लोखंडी पट्टी काढली की आत कधीकधी एक कागद सापडतो. त्यावर ज्याला ती रायफल दिली होती त्या सैनिकाचं नाव, तुकडी, कधी गावही. माझ्या रायफलीत होती. वाचली, फोटो काढला, परत ठेवली. लॅमिनेट करू नका, फ्रेमही नको, ती जिथे होती तिथेच शोभते. आणि नावासकट फोटो सगळीकडे टाकू नका. तो माणूस अजून हयात असू शकतो.

कागदपत्रं

स्वित्झर्लंडमध्ये के 31 सारख्या हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीला स्विस नागरिक आणि सी परमिटवाल्यांना (कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना) लेखी करार पुरतो. दोघांनी तो 10 वर्षं जपायचा आणि विक्रेत्याने 30 दिवसांच्या आत प्रत कँटनच्या, म्हणजे इथल्या प्रांताच्या, कार्यालयाला द्यायची. आपल्यापैकी बरेच जण इथे बी परमिटवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वास्तव्य परवान्यावर, असतात. त्यांना करार पुरत नाही, आधी कँटनचा खरेदी परवाना लागतो. विक्रेता घाईत ‘चालतंय हो’ म्हणाला तरी थांबा.

आणि गावाकडून हमखास येणारा प्रश्न: ‘येताना घेऊन येशील का रे?’ शस्त्र परवान्याशिवाय नाही, सुटी करून बॅगेत तर मुळीच नाही. माझ्या मामांना मी तिचा फोटो पाठवलाय. त्यांनी त्यालाच हळदकुंकू लावलं.