टॉलस्टॉय दांपत्यावरचा चित्रपट पाहताना या चुका टाळा

दादरला आम्ही काही मित्र महिन्यातून एकदा एखादा चित्रपट एकत्र पाहतो आणि नंतर चहाबरोबर त्यावर बोलतो. लिओ टॉलस्टॉय यांच्या अखेरच्या वर्षावरचा मायकेल हॉफमन यांचा ‘द लास्ट स्टेशन’ (२००९) पाहिला, त्या संध्याकाळी निम्म्या मंडळींना त्यांची पत्नी सोफिया कजाग वाटली, निम्म्यांना टॉलस्टॉय ढोंगी वाटले आणि अखेर कोणीतरी ‘घरोघरी मातीच्या चुली’ म्हणून विषय मिटवला.

माझ्या मते हीच सर्वांत मोठी चूक, कारण हे भांडण स्वभावांचे नसून लेखनावरच्या हक्कांचे आहे. १८८१ नंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क टॉलस्टॉय यांनी १८९१ मध्ये सोडून दिला, परंतु आधीच्या कादंबऱ्यांचे प्रकाशन सोफियाच्याच हाती राहिले. पुढे जुलै १९१० मध्ये, यास्नाया पोल्याना या त्यांच्या वडिलोपार्जित जमीनदारीजवळच्या जंगलात तिला नकळत सही केलेल्या मृत्युपत्राने हे सारे हक्क धाकट्या मुलीच्या, अलेक्झांड्राच्या नावे गेले, ते अर्थात सर्व लेखन जनतेला खुले व्हावे म्हणून. १८६२ मध्ये अठराव्या वर्षी चौतीस वर्षांच्या लेखकाशी लग्न केलेल्या, तेरा अपत्यांना जन्म देऊन त्यांतली पाच लहानपणीच गमावलेल्या आणि ‘युद्ध आणि शांती’च्या हस्तलिखिताच्या प्रती पुन्हा पुन्हा स्वतःच्या हाताने काढलेल्या बाईने यावर आकांत केला, तर त्याला नुसता हावरटपणा म्हणता येईल का? हा हिशोब ठाऊक नसेल, तर सोफिया साकारणाऱ्या हेलन मिरेन यांचा अभिनय केवळ आरडाओरडा वाटू लागतो.

दुसरी चूक रोजनिशींबाबतची. दोघेही रोजनिशी लिहीत आणि एकमेकांची वाचतही. लग्नाआधीच टॉलस्टॉय यांनी आपल्या तारुण्यातील रोजनिशा तिच्या हाती दिल्या होत्या. समोरचा वाचणार हे माहीत असताना लिहिलेले पान साक्षीपुरावा म्हणून वाचू नये. त्यातच हा चित्रपट जे पारिनी यांच्या १९९० च्या कादंबरीवर बेतलेला आहे, तेव्हा त्यातील प्रत्येक संवाद इतिहास मानण्याचे कारण नाही. टॉलस्टॉय यांचा निकटचा शिष्य आणि त्या मृत्युपत्रामागचा माणूस चेर्तकोव्ह, त्याला सरळ खलनायक ठरवतानाही जरा थांबावे. सरकारने १८९७ मध्ये देशाबाहेर घालवले तरी या माणसाने टॉलस्टॉय यांच्या लेखनाची साथ सोडली नाही.

नावांनी गोंधळ होत असेल, तर सोफिया आंद्रेयेव्ना आणि सोन्या एकच, तसेच अलेक्झांड्रा आणि साशा एकच, एवढे ध्यानात ठेवावे. तारखा जुळत नसतील, तर त्या काळच्या रशियातील पंचांग आपल्यापेक्षा तेरा दिवस मागे होते. म्हणून टॉलस्टॉय यांच्या निधनाची तारीख कुठे ७ नोव्हेंबर, तर कुठे २० नोव्हेंबर १९१० अशी आढळते.

शेवटची चूक मुंबईकरांची खास. अस्तापोवो स्थानकातील मृत्यू झाला की लोक लोकल गाठायला उठतात. तिथे स्टेशनमास्तरच्या घरात नवरा अखेरच्या घटका मोजत होता आणि सोफियाला बाहेरच थोपवून धरले होते. आत सोडले तेव्हा त्याची शुद्ध हरपत चालली होती. पुढे श्रेयनामावलीबरोबर खऱ्या टॉलस्टॉय दांपत्याची जुनी, धूसर चलच्चित्रे येतात. आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांनी ती पाहिलेलीच नाहीत.