गंजाची छपाई, रामबागेतल्या गच्चीवर

कपड्याला गंजाचा डाग लागला की आपण कपाळाला हात लावतो. इटलीतल्या रोमान्या भागातले शेतकरी तोच डाग हौसेनं पाडून घेत आणि बैलांच्या झुलींवर मिरवत. झुलीवर सेंट अँथनी, म्हणजे गुराढोरांचा राखणदार संत. शिवाय द्राक्षांचे घोस, गव्हाच्या लोंब्या, कोंबडा. माझ्या माहेरी, देवासजवळच्या शेतावर, पोळ्याला बैलांना झूल चढायची, त्यामुळे हे प्रकरण मला एकदम घरचं वाटलं.

म्हणून घरीच करून बघितलं, ते असं. इंदूरच्या लोहामंडीतून पाव किलो जुने खिळे आणा. जस्ताचा मुलामा दिलेले पांढरट खिळे नकोत, स्टेनलेस स्टीलचेही नकोत. काचेच्या बरणीत घालून वर लिटरभर पांढरं व्हिनेगर ओता. झाकण लावायचं नाही, आत वायू सुटतो. तोंडाला नुसतं फडकं बांधा. बरणी गच्चीवरच ठेवा, नाहीतर वास घरभर होतो आणि आमच्या ह्यांच्यासारखे कुणी असतील तर दहा दिवस बोलणी खावी लागतात. तेवढ्यात पाणी चहासारखं तांबूस होतं. मग गाळायचं.

वाटीभर गाळलेल्या गंजाच्या पाण्याला दोन चमचे मैदा, गुठळ्या मोडून, मंद आचेवर सतत ढवळत पतंगाच्या खळीइतका दाट होऊ द्या. ॲल्युमिनियमचं भांडं नको. जे घ्याल ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

कापड सुती, कोरं, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून कांजी काढलेलं. इथे मी आपटले. धार जिल्ह्यातल्या बाग या छपाईच्या गावच्या एका छापकाराकडून जुना सागवानी ठसा आणला, सोबत त्यांचंच फिकट पिवळं कापडही घेतलं. छापलं तर नारिंगी येईना, काळंभोर! ते कापड हिरड्यात बुडवलेलं होतं. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड भेटले की काळा रंग होतो, बागचा काळा तसाच निघतो. पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि हे कापड हातात धरून पाच मिनिटं बघत बसले.

छापताना टेबलावर चादरीच्या चार घड्या घाला. ताटलीत घोंगडीचा तुकडा, त्यावर खळ पसरून ठसा त्यावर हलकेच टेकवा. ठसा कापडावर ठेवला की हलवायचा नाही. बागला मुठीचा ठोका देतात; रोमान्यात नाशपातीच्या लाकडाचे ठसे असतात आणि त्यांच्या पाठीवर मोगरीनं ठोकतात. मी लाकडी मोगरीच घेतली, बारीक नक्षी नीट उमटते. पहिला ठसा फिकट, दुसरा फाटका, तिसऱ्यापासून हात बसतो.

छापल्यावर रंग करडा-पिवळट दिसतो, घाबरू नका. दोन दिवस सावलीत वाळू द्या; हवा लागून तो तांबूस होत जातो. मग हातमोजे घालून, बादलीभर पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून, कापड पंधरा मिनिटं बुडवा. रंग डोळ्यांदेखत गडद होतो. नंतर व्हिनेगरचा वास पार जाईपर्यंत खळखळून धुवा; आंबटपणा राहिला तर सूत कमजोर होतं. इस्त्रीसाठी रोमान्यातल्या सांतार्कान्जेलो गावातल्या छपाईखान्यात 1633 सालचं लाकडी यंत्र आहे, माणूस मोठ्या चाकात चालून ते फिरवतो आणि वरच्या दगडाच्या भाराखाली कापड सपाट होतं. आपल्याला नाक्यावरचा प्रेसवाला पुरे.

मी केलेला टेबलक्लॉथ सुंदर झालाय, पण त्याचे शत्रू आमच्याच घरात आहेत. चहा सांडला की ठसा काळा पडतो, लिंबू सांडलं की पुसट होतो. इंदूरच्या घरात सकाळी चहा-पोह्यांशिवाय टेबल कसलं? म्हणून तो नाश्त्यानंतरच अंथरतो.