रॉय हॉजसन यांच्या कारकिर्दीचा तक्ता कसा मांडावा

हॉजसन हे इंग्लिश फुटबॉल प्रशिक्षक. सुरुवात १९७६च्या हाल्मस्टाड या स्वीडिश क्लबपासून करा. प्रत्येक कार्यकाळाला वेगळी ओळ द्या. क्रिस्टल पॅलेस या इंग्लिश क्लबला दोन लागतात: २०१७–२१ आणि २०२३–२४. एकत्र केल्या तर मधला वॉटफर्ड क्लब कुठे बसवणार?

खरी गडबड माल्मो या स्वीडिश क्लबच्या ओळीत होते. १९८५ ते १९८९ संघ दरवर्षी साखळीत पहिला आला; पण तेव्हा स्वीडनचा विजेता प्ले-ऑफमधून, म्हणजे साखळीनंतरच्या बाद सामन्यांतून, ठरायचा, त्यामुळे विजेतेपदं दोनच, १९८६ आणि १९८८ची. म्हणून ‘साखळीत अव्वल’ हा स्वतंत्र रकाना ठेवाच, नाहीतर दोन की पाच हा घोळ मिटत नाही.

पेनल्टी शूटआउटला गेलेला सामना बरोबरीत धरा. युरो २०१२मध्ये इटलीविरुद्ध हॉजसन यांचं इंग्लंड शूटआउटमध्ये बाहेर पडलं, तरी नोंद ०-० अशीच. क्लब आणि राष्ट्रीय संघांची विजयाची टक्केवारी मात्र मिसळू नका.