जुनी हुस्कवार्ना घ्यायची म्हणताय? आधी तिचं पोलाद वाचा

स्वीडनमध्ये ऑक्टोबर आला की ऑफिसात चमत्कार होतो. कालपर्यंत मीटिंगमध्ये ग्राफ दाखवणारा सहकारी आठवडाभर गायब, त्याच्या जोडीला कॅन्टीनवाली बाई आणि बसचा ड्रायव्हरही. सगळे एल्गच्या, म्हणजे मूसच्या, शिकारीला गेलेले असतात. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर मोठे झालेले आपण 'शिकार' म्हटलं की एकतर राजेमहाराजे आठवतो, नाहीतर कोर्टकचेरी. इथे मात्र तो गावकीचा भाग आहे. मग एखादा शेजारी सांगतो, जुनी हुस्कवार्ना रायफल घे, स्वस्तात मिळते. आणि आपल्या मंडळींचे फोन सुरू होतात: "दादा, घेऊ का?"

घ्या. पण आधी कागद, मग पोलाद, आणि पैसे सगळ्यात शेवटी.

कागदाचं थोडक्यात उरकतो. शिकारीसाठी बंदुकीचा परवाना हवा तर आधी येगारएक्सामेन, म्हणजे शिकाऱ्याची परीक्षा, द्यावी लागते. लेखी परीक्षा असते, नेमबाजीही असते, आणि दोन्हींत मिळून प्राणी ओळखण्यापासून सुरक्षेपर्यंत सगळं येतं. परवाना पोलीस देतात आणि तो माणसाला सरसकट नसतो, त्या एका बंदुकीपुरता असतो. अर्जात बनावट, कॅलिबर, नंबर सगळं लिहायचं, आणि परवाना हातात पडेपर्यंत बंदूक विकणाऱ्याकडेच राहते. "पैसे दिलेत, घेऊन जातो" हे इथे चालत नाही. नुसता बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) किंवा नुसती नळी सुटी विकत घेतली तरी परवाना लागतो. घरी प्रमाणित लोखंडी कपाट हवं. स्वीडिश मानक ३४९२ हा आकडा लक्षात ठेवा, कपाटाच्या दाराच्या आतल्या पट्टीवर तो शोधायचा. दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद असेल तर परवान्याची आशा धरू नका. आणि 'जुनी आहे म्हणजे परवाना नको' हे कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. सूट आहे ती १८९०च्या आधीच्या, आणि त्यातही आजच्यासारखं अखंड काडतूस (गोळी, दारू, पुंगळी एकत्र असलेलं) न वापरणाऱ्या बंदुकांना. तुम्ही बघत असलेली प्रत्येक बोल्ट रायफल त्याच्या बाहेर पडते.

आणखी एक. इथल्या जंगलात कुणीही फिरू शकतं, ब्लूबेरी आणि अळंबी गोळा करू शकतं, तंबू ठोकू शकतं. त्या हक्कात शिकार येत नाही. शिकारीचा हक्क जमीनमालकाचा. त्यामुळे बंदुकीआधी माणसं जोडा: गावातल्या शिकारी गटाबरोबर एक हंगाम नुसते हाकाऱ्याबरोबर चाला, त्यांच्या शेकोटीवर सॉसेज भाजा, कॉफी प्या. त्यात आपल्याला स्वीडिश येतं आणि त्यांना आपण कळतो. बिनबंदुकीचा, न कंटाळता चालणारा माणूस त्यांना फार आवडतो.

आता पोलाद. नवशिके लाकूड बघतात. अक्रोडाच्या दस्त्यावरची नक्षी, वयाने आलेली चकाकी, बस, तिथेच प्रेमात पडतात. लाकूड बदलता येतं. तुम्हाला वाचायचंय ते रिसीव्हर (बोल्ट आणि नळी धरणारं धड), बोल्ट आणि नळी. कारण या बंदुका सत्तर-ऐंशी वर्षांत तीन-चार हातांतून गेल्या आहेत. मधल्या कुणी नळी कापली, कुणी चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, वाढवलं, कुणी बोल्ट दुसऱ्याच बंदुकीचा लावला. परवान्यावर एक लिहिलेलं आणि लोखंडात दुसरंच असेल तर अडचण दुहेरी: एक पोलिसांशी, दुसरी तुमच्या डोळ्यांशी, बोटांशी.

हुस्कवार्ना हे नाव पुण्याकडच्या मंडळींना परकं नाही. चाकणला बजाजच्या कारखान्यात बनलेल्या स्वार्टपिलेन मोटरसायकलवर जी मुकुटासारखी खूण दिसते, ती मुळात बंदुकीची: नळीच्या तोंडासमोर उभं राहून पाहिलं तर दिसणारं नळीचं भोक आणि वरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण. कारखाना १६८९चा, व्हेटर्न तलावाच्या दक्षिण टोकाला, यॉन्शॉपिंगच्या शेजारच्या गावात. धबधब्याच्या पाण्यावर तिथे मस्केट बनायच्या. पुढे शिलाई मशीन, सायकली, मोटरसायकली, करवती. बंदुका १९७०मध्ये एका सरकारी कंपनीकडे गेल्या. गावात कंपनीचं संग्रहालय आहे. एक दुपार काढून जा, कारण काचेपलीकडे ओळीने मांडलेल्या रायफली पाहिल्या की पुढचं अर्धं सोपं होतं.

मूळ कूळ एकच, माउझर ही जर्मन बंदूक कंपनी. १८९४ला स्वीडन आणि नॉर्वेच्या संयुक्त आयोगाने ६.५×५५ (गोळीचा व्यास आणि पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) हे काडतूस ठरवलं आणि दोन वर्षांनी सैन्याची लांब रायफल आली, एम/९६. ती बनवली एस्किल्सतूनाच्या कार्ल गुस्ताफ कारखान्याने, काही जर्मनीत ओबेर्नडॉर्फला माउझरने १८९९-१९०० मध्ये, आणि दुसऱ्या महायुद्धात हुस्कवार्नानेही. रिसीव्हरच्या पुढच्या कडीवर, म्हणजे नळी बसते त्या गोल भागावर, मुकुट, कारखान्याचं नाव, साल. सैनिकी बंदुकीच्या दस्त्यात उजव्या बाजूला पितळेची गोल चकती असते, तिच्यावर नळीचा व्यास आणि नळीची अवस्था १, २, ३ अशी खूण करून दाखवलेली. चकतीवर विश्वास ठेवा पण अर्धाच. ती खूण तिथे पडली त्यानंतर नळीतून किती गोळ्या गेल्या, हे चकतीला माहीत नसतं. दस्ता बदलला असेल तर चकती दुसऱ्याच नळीची असू शकते.

शिकारी हुस्कवार्ना ओळखायला व्हर्नियर कॅलिपर खिशात ठेवा. विकणारा आधी भुवया उंचावतो, मग चहा विचारतो. रिसीव्हरच्या पुढच्या कडीचा बाहेरचा व्यास मोजा. ३३ मिमीच्या आसपास आला तर लहान कडी, ३५.८च्या आसपास आला तर मोठी.

लहान कडी, डाव्या भिंतीत अंगठ्यासाठी खाच, आणि बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंगचा जोर जाणवतो, म्हणजे बंद करताना घोडा ताणला जातो: ही एम/९६च्या चौकटीवरची (रिसीव्हर आणि बोल्ट मिळून चौकट), मॉडेल ४६ घराण्यातली. बहुतेक ६.५×५५ किंवा ९.३×५७. साधी, हलकी, गावाकडच्या शेतकऱ्याची बंदूक. काडतुसाचं बूड फुटलं तर गॅस अंगावर येण्यापासून रोखण्याच्या बाबतीत पुढच्या पिढीएवढी सक्षम नाही, आणि बोल्ट अडवणारी तिसरी सुरक्षा-खुंटी बोल्टवर नाही. म्हणून हिच्यात काडतूस भरायचं ते कारखान्याचं, जास्त जोराचं घरगुती मिश्रण नको.

मोठी कडी, बोल्ट उघडताना ताणणारी, बोल्टच्या मागच्या बाजूला तिसरी खुंटी: ती माउझर ९८, आणि हुस्कवार्नाच्या ६४० मालिकेत बेल्जियमच्या एफएन या बंदूक कंपनीकडून आणलेली चौकट. ८×५७, ९.३×६२ अशी ताकदवान कॅलिबरं इथे भेटतात.

आता फसवणारी. लहान कडी, पण अंगठ्याची खाच नाही, आणि सुरक्षेची कळ बोल्टच्या मागे उभी नसून बाजूला. ही १९५०च्या दशकातली १६०० मालिका, हुस्कवार्नाने स्वतः सुधारलेली माउझर. व्यास मोजून कुणी तिला '४६' समजतो. सडपातळ, दुर्बिणीला सोयीची, आणि माझ्या मते पहिल्या बंदुकीसाठी सगळ्यांत शहाणी निवड. १९६०च्या दशकाच्या शेवटी आलेली १९०० मालिका आणखी आधुनिक आहे, पण तिच्यात पुंगळी बाहेर ओढणारा माउझरचा मोठा पंजा नाही. चालते उत्तम, पण ज्यांना जुन्याची ओढ आहे त्यांचं मन तिच्यात रमत नाही.

नाव आणि मॉडेल ओळखलं, तरी खरी गोष्ट चेंबरची. ९.३×५७ आणि ९.३×६२ यांत गोळी जवळपास तीच, पुंगळी पाच मिलिमीटरने लांब. पूर्वी स्वीडनच्या गावोगावी ९.३×५७ एल्गसाठी फार वापरली गेली. नंतर काहींनी चेंबर कोरून ६२ केलं आणि नळीवरचा जुना शिक्का तसाच ठेवला. तसंच ८×५७: जुन्या 'आय' प्रकारात नळी बारीक, नंतरच्या 'आयएस'मध्ये गोळी सुमारे दशांश मिलिमीटरने जाड. कागदावर दशांश, पण नळीत तो फरक दाब वाढवतो. म्हणून विकत घेण्याआधी बंदूकमिस्त्रीकडे, इथे वापेनस्मेड म्हणतात, चेंबरचा साचा घ्यायला लावा आणि हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यात किती जागा राहते ते, तपासून घ्या. विकणारा "माझ्या आजोबांनी हिच्यातून चाळीस एल्ग मारले" म्हणेल. आजोबा बरोबर असतील. साचा तरी घ्या.

टेबलावर बंदूक आली की क्रम असा: आधी बोल्ट उघडा, चेंबर आणि मॅगझिन बोटाने चाचपा, मग पुढचं बोला. बोल्ट काढून त्यावरचे शेवटचे आकडे रिसीव्हरच्या आकड्यांशी जुळतात का पाहा. नळी उजेडाकडे धरून आत बघा. आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) कडेला धारदार हवेत. चेंबरपुढे काळे डाग थोडे असले तरी चालतील, पण नळीच्या तोंडाशी झीज असेल तर अचूकता जाते. ६.५ची नळी लवकर झिजते असं ऐकाल. मी झिजलेल्यांपेक्षा अस्वच्छ ठेवलेल्याच जास्त पाहिल्या आहेत. नळीच्या टोकाला नवे आटे पाडून सायलेन्सर बसवलेला दिसला तर शिकाऱ्याला सोय, संग्राहकाला दुखणं. इथे शिकारीत सायलेन्सर सर्रास वापरतात, कुणी वाकड्या नजरेने पाहत नाही.

काडतुसाचा कायदा साधा आहे. एल्गसाठी गोळी ९ ते १० ग्रॅम असेल तर १०० मीटरवर किमान २७०० जूल ऊर्जा हवी; १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २००० जूल पुरतात, आणि गोळी फुटून पसरणारी हवी. १०.१ ग्रॅमची ६.५×५५ हे सहज पार करते, म्हणून सव्वाशे वर्षांच्या काडतुसाने आजही लोक निवांत शिकार करतात. ९.३×५७ची काडतुसं वेर्मलांडच्या नॉर्मा कंपनीने बनवली आहेत, पण प्रत्येक दुकानात ती नसतात. दोन डबे घेऊन ठेवा.

कुठून घ्यायची? परवानाधारक दुकानातून घेतली तर थोडी महाग, पण तक्रारीला जागा. दुसरा मार्ग म्हणजे वारलेल्या शिकाऱ्याच्या घरचे. बायकोला किंवा मुलांना परवाना नसतो, बंदूक घरात कायमची राहू शकत नाही, आणि बहुतेकांना ती भंगारात जावी असंही वाटत नसतं. अशा घरी किमतीची घासाघीस करताना जरा जपून. "तुम्ही हिने काय करणार?" हा प्रश्न हमखास येतो, आणि "शिकार करणार, सांभाळणार" एवढं स्वीडिशमध्ये नीट सांगता आलं तर किंमत आपोआप खाली येते.

दुर्बीण बसवायची तर सरळ दांड्याचा जुना बोल्ट आडवा येतो आणि मागची उभी सुरक्षेची कळही. वाकवून घेणं शक्य आहे, पण न बदललेली बंदूक हाती लागली असेल तर हात लावू नका. तशी ठेवा, आणि दुर्बिणीसाठी १६०० मालिकेतली १६४० घ्या.

शेवटचा व्यवहाराचा मुद्दा. नोकरी बदलली, भारतात परतायचं ठरलं, तर ही बंदूक सामानात जाणार नाही. भारतात १९५९चा शस्त्र कायदा आहे, परवाना आणि आयातीची वेगळी बंधनं आहेत, आणि कंटेनर भरणाऱ्या कंपनीला या भानगडीत पडायचं नसतं. इथेच दुसऱ्या परवानाधारकाला विकावी लागते, आणि त्याचा परवाना यायला महिने लागू शकतात. म्हणून घराची नोटीस देण्याआधी बंदुकीचं गिऱ्हाईक शोधा. सोफा शेवटच्या दिवशीही फुकट देऊन टाकता येतो.