पीडीएफ उघडत नाही? पुन्हा डाउनलोड मारण्याआधी या चुका टाळा

‘फाईल करप्ट आहे’ हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी ऐकतो. तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान टाकलं की ते कानावर येणारच. खरोखर करप्ट निघालेल्या फायली मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

परवा एक मावशी लेकाला घेऊन आल्या. पेनड्राइव्हमध्ये एकाच ई-आधारच्या अकरा प्रती, शेवटच्या प्रतीच्या नावापुढे कंसात १०. ‘‘दादा, साईटच गंडलीय,’’ लेक म्हणाला. साईट धडधाकट होती. क्रोम पासवर्ड मागत होता आणि पठ्ठ्या दर वेळी मोबाइलवर आलेला ओटीपी टाकत होता. ओटीपी डाउनलोडपुरता. फाईल उघडायला आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि लगेच जन्मसाल, मध्ये जागा न सोडता. त्यानं आईच्या नावाची अक्षरं टाकली, तरी उघडेना. आपल्याकडे पुष्कळ आधार कार्डांवर आडनाव आधी छापलेलं असतं, मावशींचंही तसंच होतं. ‘पाटील’ची पहिली चार अक्षरं, पी-ए-टी-आय, आणि साल टाकलं, उघडलं. नाव तीनच अक्षरी असेल तर तीनच अक्षरं घ्यायची. पॅनवर किंवा दाखल्यावर स्पेलिंग काय आहे, याचा इथे संबंध नाही.

बँकेच्या स्टेटमेंटचं कुलूप वेगळं असतं. त्याचा नियम ज्या ईमेलमधून ते आलं, त्या ईमेलमध्येच लिहिलेला असतो आणि तेवढाच परिच्छेद कोणी वाचत नाही. पासवर्ड आठवत नाही म्हणून ‘अनलॉक पीडीएफ’वाल्या फुकट साईटवर आधार किंवा स्टेटमेंट चढवणं ही तर घोडचूकच. आपली कागदपत्रं आपण होऊन अनोळखी माणसाच्या हातात देतो आपण.

पासवर्ड विचारलाच नाही आणि थेट ‘फेल्ड टू लोड’ आलं, तर फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साइज बघा. शून्य केबी असेल तर फाईल आलेलीच नाही. नावाच्या शेवटी ‘सीआरडाउनलोड’ असेल, फायरफॉक्समध्ये ‘पार्ट’ असेल, तर ती अर्धवट आहे. शेपूट खोडून तिथे पीडीएफ लिहिणारे महाभाग मी पाहिलेत. नाव बदलल्यानं उरलेली अर्धी फाईल येत नाही.

फसवी गोष्ट घडते ती सरकारी पोर्टलवर. लॉगिन करून आपण चहाला जातो, तेवढ्यात सेशन संपतं, आणि परत येऊन डाउनलोड दाबलं की सातबाऱ्याऐवजी कधीकधी लॉगिनचं पानच पीडीएफ नावानं सेव्ह होतं. नाव बरोबर, आत भलतंच. ओळखायची युक्ती सोपी आहे: फाईल नोटपॅडमध्ये उघडा. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हानं आणि त्याला चिकटून इंग्रजीत पीडीएफ या तीन अक्षरांनी होते. पुढचं सगळं अगम्य, ते सोडून द्या. पण वरच ‘एचटीएमएल’ दिसलं तर ते वेबपेज आहे. पुन्हा लॉगिन करा आणि लगेच डाउनलोड करा. इथे पुन्हा डाउनलोड करणं योग्यच आहे, एकदा.

पीडीएफ उघडते, पण आत फक्त ‘प्लीज वेट’? कॅनडाच्या व्हिसाचे काही फॉर्म असा दगा देतात. थांबून उपयोग नाही. हा फॉर्म एक्सएफए नावाच्या जुन्या पद्धतीचा असतो, तो क्रोमला कळत नाही. कॉम्प्युटरवर सेव्ह करा आणि अॅडोबी रीडरमधून उघडा. फायरफॉक्सला २०२१ पासून असे फॉर्म दाखवता येतात, पण भरायचाच असेल तर मी रीडरच वापरतो. मोबाइलवर नादच सोडा.

ई-आधारवर ‘व्हॅलिडिटी अननोन’ आणि पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं की लोक घाबरतात. तेवढ्यावरून कागद खोटा ठरत नाही. क्रोम डिजिटल सही तपासतच नाही. तेही काम रीडरचं: सहीवर राइट क्लिक करून ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’, आणि तिथे प्रमाणपत्रावर विश्वास दिला की हिरवी खूण येते. ती आल्यावरच प्रिंट काढा.

क्लिक केलं की फाईल उघडण्याऐवजी नुसती उतरत राहते, ही तर बिघाडसुद्धा नाही. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये शेवटी ‘अॅडिशनल कंटेंट सेटिंग्ज’खाली ‘पीडीएफ डॉक्युमेंट्स’ आहे, तिथे ‘ओपन पीडीएफ्स इन क्रोम’ निवडा. वर्डची फाईल क्रोममध्ये ओढली तर मात्र ती पुन्हा डाउनलोडच होणार. तिला वर्ड किंवा गुगल डॉक्ससारखं काहीतरी लागतं. तिथे मराठीऐवजी चित्रविचित्र अक्षरं दिसली तर ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा.

आणि व्हॉट्सअॅपवर ‘चलन’ किंवा ‘लग्नपत्रिका’ म्हणून आलेल्या नावाचा शेवट ‘एपीके’ असेल, तर तो कागद नाही, अॅप आहे. उघडत नाही म्हणून सेटिंग बदलायला जाऊ नका, सरळ डिलीट करा.

मावशींची प्रिंट निघाली. मी माझ्या कॉम्प्युटरवर कंट्रोल-जे दाबून डाउनलोड्सची यादी उघडली. लेकानं आदल्या दिवशी इथेही दोनदा प्रयत्न केला होता, आणि मावशींचं आधार दिवसभर अनोळखी गिऱ्हाइकांसमोर पडून होतं. दोन्ही प्रती शिफ्ट-डिलीटनं उडवल्या, पेनड्राइव्हमधल्या अकरापैकी एक ठेवली आणि तिचं नाव बदलून ‘आईचं आधार’ केलं.