ड्रायव्हर लिहिताना हार्डवेअरचे रिसोर्सेस कसे शोधायचे (लिनक्स)

ड्रायव्हर लिहायला घेतला की पहिला प्रश्न हाच, डिव्हाइसचे रजिस्टर्स (ज्यातून त्याच्याशी बोलायचं त्या जागा) कुठल्या ॲड्रेसवर आहेत आणि त्याला इंटरप्ट (सीपीयूचं लक्ष वेधायचा सिग्नल) कुठला मिळालाय. ॲड्रेस थेट कोडमध्ये टाकायचा मोह होतो, पण पीसीआय कार्डाचा ॲड्रेस बूट होताना ठरतो, दुसऱ्या मशीनवर वेगळाच निघतो, त्यामुळे तसलं काही करू नका, कर्नललाच विचारा.

आधी नुसतं बघून घ्या. /proc फोल्डरमध्ये आयओमेम, आयओपोर्ट्स आणि इंटरप्ट्स या फाइल्स आहेत, त्या कॅट करा, आणि सुडो लावूनच, नाहीतर ॲड्रेसच्या जागी नुसती शून्यं दिसतात आणि आपण डोकं खाजवत बसतो. आयओपोर्ट्समध्ये '०३एफ८-०३एफएफ : सिरियल' अशी ओळ दिसली तर तिथे पहिला सिरियल पोर्ट बसलाय. यात शेवटचा आकडाही धरायचा असतो बरं का, आकडे हेक्समध्ये आहेत, नुसती वजाबाकी केली तर ७ येतात, पोर्ट्स मात्र ८ आहेत. म्हणून कोडमध्ये हिशोब स्वतः करू नका, रिसोर्स_साइज वापरा.

आता पीसीआय. प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतो ते) आधी पीसीआय_इनेबल_डिव्हाइस, मग पीसीआय_रिक्वेस्ट_रीजन्स, आणि दोन्हींची रिटर्न व्हॅल्यू तपासायची, कंटाळा करायचा नाही. त्यानंतर पीसीआय_रिसोर्स_स्टार्ट आणि पीसीआय_रिसोर्स_लेन ला बारचा (बेस ॲड्रेस रजिस्टर, डिव्हाइसची एकेक जागा कुठे आहे ते सांगणारं) नंबर द्या, ॲड्रेस आणि लांबी मिळते. पीसीआय_रिसोर्स_फ्लॅग्सही बघा, मेमरी आहे की आयओ पोर्ट ते त्यातून कळतं. साध्या डिव्हाइसला जास्तीत जास्त ६ बार असतात, पण ६४ बिटवाला बार दोन जागा खातो, म्हणजे बार ० नंतर बार १ रिकामा दिसला तर हार्डवेअर बिघडलं असं समजू नका.

इंटरप्टचा नंबर कॉन्फिग स्पेसमधून (पीसीआय डिव्हाइसची स्वतःची माहिती असलेली जागा) वाचायच्या भानगडीत पडू नका, पीसीआय_अलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स करून पीसीआय_आयआरक्यू_व्हेक्टरला विचारा.

एम्बेडेड बोर्डावर ही माहिती बहुतेक वेळा डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल) येते, तिथे प्लॅटफॉर्म_गेट_रिसोर्स आणि प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू वापरा. यातल्या प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यूने निगेटिव्ह आकडा दिला तर तोच जसाच्या तसा वर परत करा, कारण कधीकधी त्याचा अर्थ एवढाच असतो की थांब, इंटरप्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर अजून लोड व्हायचाय.

आणि नुसतं बघितलं म्हणजे जागा आपली झाली असं नाही, रिक्वेस्ट करावीच लागते. ती ईबिझी (जागा आधीच कुणीतरी घेतलीय असा एरर) देऊन फेल झाली तर एलएसपीसीआय (पीसीआय डिव्हाइसेसची यादी दाखवणारी कमांड) ला के ऑप्शन देऊन चालवा, डिव्हाइस कुणी धरून ठेवलंय त्या ड्रायव्हरचं नाव दिसेल, मग आधी त्याला अनबाइंड करा, म्हणजे डिव्हाइसपासून सोडवा.