पेटीवरून सिंथवर (सिंथेसायझरवर): रॉक बँडमध्ये पहिल्यांदा कीबोर्ड वाजवणाऱ्यांसाठी

गिटार, बेस आणि ड्रम्स असा तिघांचा जमलेला बँड आहे आणि त्यात तुम्हाला कीबोर्डवर बोलावलंय, तर पहिल्या तालमीआधी एकच गोष्ट ठरवा: डाव्या हाताचं काय करायचं.

मी पेटी शिकलेलो. पेटीवर डावा हात भात्यात अडकलेला असतो. कीबोर्डवर तो मोकळा झाला आणि मी खर्जात भरगच्च कॉर्ड दाबत सुटलो. तिसऱ्या तालमीला बेसवाला वाजवायचाच थांबला. म्हणाला, "अरे, माझ्या सुरांवर तू बसलायस." गिटारशीही तेच. मधलं सप्तक दोघांनाही हवं, मग दोघंही आवाज वाढवणार आणि गाण्याचे शब्द बुडणार.

वाट सापडली ती टोरांटोच्या 'रश' या रॉक बँडला ऐकताना. तेही तिघंच. १९७७च्या 'अ फेअरवेल टू किंग्ज'मध्ये त्यांचे बेसवादक-गायक गेडी ली यांनी मिनीमूग हा सिंथ घेतला आणि पायाशी टॉरस पेडल्स, म्हणजे पायाने वाजवायचा सिंथ. हात बेसमध्ये गुंतलेले असताना ते पायाने खालचा सूर धरून ठेवत, वर गातही. मिनीमूगमधून एका वेळी एकच सूर निघतो. कॉर्डचा प्रश्नच नाही. एकच ओळ, पण ठसठशीत. पेटीवाल्याला हे चटकन उमगतं. पुढे ओबरहाइमसारखे बहुस्वरी सिंथ आले. १९८२च्या 'सिग्नल्स'मध्ये सिंथने एवढी जागा घेतली की गिटार मागे सरली, आणि गिटारवादक अ‍ॅलेक्स लाइफसन यांनी ती खंत मुलाखतींत बोलूनही दाखवली. मला तो अल्बम अतिशय प्रिय आहे. तरी एकदा फक्त गिटारकडे कान लावून ऐकाच.

म्हणून पहिला महिना उजव्या हातानेच वाजवा. गिटारपेक्षा वरच्या सप्तकात राहा, ती थांबली की खाली या. ७/८चे, म्हणजे सात मात्रांचे, तुकडे आले तर सात मात्रांचा रूपक ताल कामी येतो, पण एक सांभाळा: रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, 'खाली' (टाळी नसलेली हलकी मात्रा) असते, आमचा ड्रमर मात्र तिथेच सगळ्यात जोरात किक मारतो. मला ते अंगवळणी पडायला बरेच दिवस लागले.

आणि डावा हात? तो सिंथच्या फिल्टरच्या, म्हणजे आवाज उजळ-मंद करणाऱ्या, नॉबवर ठेवा. सूर धरून फिल्टर हळूहळू उघडला की आवाज फुलत जातो, भाता देताना फुलतो तसा. हे मला कुणी शिकवलं नाही, हाताला आधीपासूनच येत होतं.